एक, तीन, चार, दोन

फट्ट करून कार्बोरेटरमधून जाळाचा भपका वर आला आणि धाकटीची उजवी भुवई जळाली. ती दचकून मागे झाली, कोपर मडगार्डवर आपटलं, हातातला पाना निसटला आणि गाडीखाली घरंगळत नेमका अशा जागी जाऊन बसला, की तिथे ना हात पोचेल ना पाय.

"बंद कर! आई, बंद कर ती!"

"केली गं बाई, केली. ओरडतेस कशाला? मी काय बहिरी आहे?"

आई ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसली होती. सांगितलं की चावी फिरवायची आणि सांगितलं की बंद करायची, एवढंच तिचं काम. पण विमान उडवायचं असावं इतकं मन लावून ती ते करत होती. तिने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काहीतरी जळाल्याचा वास येतोय."

"माझी भुवई आहे ती."

"पेन्सिलीने काढ. कोणाला कळत नाही."

एरवी धाकटी यावर हसली असती. पण सकाळपासून तिचं डोकं फिरलं होतं. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये ती सुपरवायझर होती. तिथे गाडीला कॉम्प्युटर जोडला की कुठलं सिलिंडर रुसून बसलंय ते तो पडद्यावर सरळ लिहून द्यायचा. या म्हाताऱ्या गाडीला कॉम्प्युटर जोडायला जागाच नव्हती. आधी ती नुसती मिसिंग करत होती, म्हणजे चालता चालता एखादा ठोका गिळत होती. काल धाकटीने जुन्या कडक झालेल्या वायरी एकदम उपटून काढल्या, नव्या वायरी आणि नवे प्लग घातले, आणि गाडी बरी व्हायची सोडून फटाके फोडायला लागली. कॉम्प्रेशन तपासलं, टायमिंग तपासलं, पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय. सगळं जिथल्या तिथे, आणि इंजिन मात्र चारातल्या दोनच सिलिंडरवर लंगडतंय.

गाडी तशी बाहेरून गरीब गाय. फिकट रंग, पुढचा बंपर किंचित तिरका, दार लावताना जरा उचलून लावायचं. पण बॉनेट उघडलं की माहीतगार माणूस आधी शिट्टी मारायचा. कंपनीने दिलेल्या एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवलेले, धुराचा पाइप घरी वाकवलेला, आणि आतला कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडमिट करणारा दांडा, तर वस्तादांनी स्वतःच्या लेथवर कातून, घासून घरीच केलेला. वस्ताद म्हणजे धाकटीचे बाबा. सगळा परिसर त्यांना वस्तादच म्हणायचा. सिग्नलला शेजारी एखादी चकचकीत नवी गाडी उभी राहिली की ते खिडकीवर कोपर टेकून भोळा चेहरा करायचे, आणि दिवा हिरवा झाला की त्या नव्या गाडीला फक्त धूर दाखवायचे. आई शेजारी बसून "शोभतं का या वयात?" म्हणायची आणि सीट घट्ट धरून हसायची.

हे सगळं वस्तादांना झटका यायच्या आधीचं. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले होते, कळतं किती आणि नाही किती, ते सांगता येत नाही. उद्या सकाळी शुश्रूषा केंद्राची गाडी येऊन त्यांना घेऊन जाणार होती. तिथे अशा माणसांना सांभाळतात, वेळेवर खायला-प्यायला घालतात. आई धाकटीकडे राहायला जाणार, आणि या घराला कुलूप. दादा परदेशातून फोनवर "तू म्हणशील तसं" म्हणून मोकळा झाला होता, त्यामुळे ठरवायचं ओझं एकट्या धाकटीच्या डोक्यावर येऊन पडलं होतं.

"एकदा ह्यांना विचार तरी," आई रोज म्हणायची.

"काय विचारू आई? त्यांना मी कोण हे तरी कळतंय का? मग घर काय आणि केंद्र काय."

हे ती वस्तादांच्या देखत म्हणायची. पाण्याचा ग्लास कुठे ठेवायचा हे जसं टेबलाला कोणी विचारत नाही, तसं होतं ते.

पण ती निर्दय नव्हती. आशेने तिला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. लहानपणी वस्ताद तिला जेवणाच्या टेबलावर इंजिन शिकवायचे. चार बोटं म्हणजे चार सिलिंडर. तर्जनी एक, मधलं दोन, अनामिका तीन, करंगळी चार. सिलिंडर ओळीने पेटत नाहीत; पुस्तकातला क्रम एक, तीन, चार, दोन. तिच्या उघड्या तळहातावर ते तो क्रम बोटांनी वाजवायचे आणि ती खिदळत त्यांच्या हातावर परत वाजवायची. झोपायच्या आधी, शाळेच्या दारात, पुढे पहिल्या नोकरीला निघाली तेव्हा फाटकाशी, दोघांचं तेच. माया तोंडाने बोलून दाखवायची वस्तादांना सवय नव्हती.

दवाखान्यात शुद्ध आल्यावर वस्तादांची चांगली राहिलेली डावी बोटं चादरीवर वाजायला लागली, तेव्हा धाकटीच्या काळजाचा ठोकाच चुकला. ती धावत जाऊन पलंगाशी बसली आणि श्वास रोखून मोजायला लागली. तर्जनी. मधलं. करंगळी. अनामिका. एक, दोन, चार, तीन. तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा एक, दोन, चार, तीन. ज्या माणसाला हा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी आला असता, त्याला तो येत नव्हता. मग आत उरलं होतं कोण? ती जिन्यात जाऊन पोटभर रडली आणि परत आली ती व्यवस्थेला लागली. बोटांची टोकं वाजवून वाजवून सोलायला लागली, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला. धाकटीने तो वस्तादांच्या मुठीत ठेवला आणि वरून पट्टा बांधला. बोटं गप्प झाली.

आज गाडी चालू करायची घाई होती ती दातांच्या डॉक्टरांमुळे. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावून कंटाळलेले हे गृहस्थ रविवारी जुन्या गाड्यांच्या बॉनेटमध्ये डोकावायचे. वस्तादांच्या गाडीवर त्यांचा कधीपासूनचा डोळा. संध्याकाळी येतो, स्वतः चालवत नेतो, असं त्यांनी कळवलं होतं. उद्या घराला कुलूप लागायच्या आत गाडी हलायला हवी होती.

आई गाडीतून उतरली. वस्तादांची चाकाची खुर्ची तिने सकाळीच गॅरेजच्या दारात आणून ठेवली होती. धुरात कशाला आणतेस, म्हणून धाकटीने कटकट केली होती, पण आईने ऐकलं नव्हतं. "आयुष्यभर धूरच खाल्लाय. आणखी थोडा खातील."

"हाताला घाम आलाय बघ किती." आईने पट्टा सोडला, चेंडू काढून वस्तादांच्या मांडीवर ठेवला आणि रुमालाने तळहात पुसायला लागली.

"आई, चेंडू परत बांध. बोटं सोलतील."

"बांधते गं. जरा हवा तरी लागू दे."

"मग आधी इकडे ये आणि एकदा चावी फिरव. आता नाही झालं तर मी सरळ इंजिन उघडते."

आई चेंडू तिथेच टाकून सीटवर जाऊन बसली. स्टार्टर कण्हला आणि इंजिन सुरू झालं, म्हणजे लंगडायला लागलं. फट्ट, फट्ट. धाकटी या वेळी तोंड लांब ठेवून उभी होती, म्हणूनच तिचं लक्ष बॉनेटच्या कडेवरून पलीकडे गेलं.

वस्तादांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. वाजणं नवं नव्हतं. पण एरवी ती पाऊल आपोआप हलावं तशी हलायची. आत्ता ती आपटत होती. नखांचा आवाज त्या गोंगाटातही येत होता.

"बंद कर."

इंजिन थांबलं. बोटं थांबली.

"चालू कर."

बोटं सुरू झाली. एक, दोन, चार, तीन. एक, दोन, चार, तीन. आणि वस्ताद तिच्याकडे बघत होते. चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली, ओठाच्या कोपऱ्यात थुंकी, पण डोळे? तिच्या वर्कशॉपमधली माणसं चुकीचा बोल्ट पिळायला लागली की ती त्यांच्याकडे अगदी अशीच बघायची.

"आई, बंद कर," ती हळूच म्हणाली.

"आता काय जळलं?"

धाकटी वस्तादांच्या बोटांकडे बघत राहिली. दवाखान्यातही हेच. घरी आणल्यावर, चेंडू बांधेपर्यंत, रोज हेच. चुकणारा माणूस आज असा चुकतो, उद्या तसा चुकतो. इतके महिने तीच चूक, तशीच, एकही बोट इकडचं तिकडे न होता? तिने आपला हात मडगार्डवर ठेवला आणि स्वतःच्या बोटांनी ते वाजवून पाहिलं. एक, दोन, चार, तीन. 

काल तिने जुन्या वायरी एकदम उपटल्या होत्या. नवशिक्याने एकेक वायर काढून तिच्या जागी एकेक घातली असती. जुनी जिथे जात होती तिथेच नवी. धाकटीला तशी गरज वाटली नव्हती. तिला क्रम तोंडपाठ होता. तिने नव्या वायरी अगदी बरोबर, पुस्तकाप्रमाणे बसवल्या होत्या.

"नाही हो बाबा," ती पुटपुटली. "असं कसं असेल?"

वस्तादांनी एकदाच, जोरात, तर्जनी आपटली.

तिने डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे चारी सिलिंडरना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या, झाकणावरच्या चार वायरींपैकी दोन काढल्या. दोन नंबरची तीनच्या जागी, तीनची दोनच्या जागी. पुस्तकाप्रमाणे ही शुद्ध चूक होती. तिच्या हाताखालच्या कोणी ही केली असती तर तिने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं असतं.  वायरीची टोपणं दाबून बसवायला तिला दोन्ही अंगठे लावावे लागले.

"फिरव."

आईने चावी फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. फटका नाही, जाळ नाही. गॅरेजच्या पत्र्यावर टांगलेले पाने एकमेकांवर हलके किणकिणायला लागले, पूर्वी किणकिणायचे तसेच. आईने दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून गालांवर धरले.

धाकटी नुसती उभी होती. गाडी सुरू झाल्याचा आनंद तिला अजून शिवलाही नव्हता. दवाखान्यातल्या पलंगावर, आपण कोण, कुठे, काय झालं याचा पत्ता लागायच्या आत, या माणसाने आपली गाडी मनातल्या मनात चालू केली होती आणि बोटांनी तिचा क्रम बरोबर म्हटला होता. हिने तो पुस्तकाशी ताडून पाहिला आणि माणूसच चुकीचा ठरवला.

"ऐक," आई खिडकीतून ओरडली, "पण ती जुनी खोड आहेच अजून! गिळतेय बघ ठोका."

खरंच होतं. अधूनमधून एक ठोका पडत नव्हता. मूळची मिसिंग तशीच होती. धाकटीने सवयीने वायरीकडे हात नेला, पण मग हात मागे घेऊन ती खुर्चीकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्राने तिला सांगायच्या आधी ती माणसाला विचारत होती.

"कुठलं, बाबा?"

तर्जनी पडली. मधलं पडलं. करंगळी पडली. अनामिका पडली नाही. एकटी अनामिका उचलून धरणं धडधाकट माणसालाही जड जातं. ती थरथरत होती, पण वर होती, आणि वरच राहिली.

तिने तीन नंबरची वायर काढली. इंजिनाचा आवाज तसूभरही बदलला नाही. म्हणजे तिथे काही पेटतच नव्हतं. तिने इंजिन बंद करायला लावलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण उतरवून उजेडात धरलं. तीनच्या खोबणीपासून केसासारखी एक चीर गेली होती, काळी, नखानेच कळावी इतकी बारीक. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी तिथूनच पळून जात होती. काल हेच झाकण तिने स्वतः पुसलं होतं आणि स्वच्छ आहे म्हणून परत बसवलं होतं. तिला दिसलं नव्हतं ते दारात, उन्हात बसलेल्या माणसाला ऐकू आलं होतं.

जुनं पण धड झाकण वस्तादांच्याच फळीवर, खिळ्यांच्या डब्यामागे सापडलं. ते बसवून चावी फिरवली, तेव्हा इंजिन इतकं सलग चालायला लागलं की आईला ते चालू आहे याची खात्री करायला बॉनेटवर हात ठेवावा लागला.

वस्तादांची बोटं खुर्चीच्या हातावर पसरून पडली. हलली नाहीत. चेंडू नव्हता, पट्टा नव्हता, तरी हलली नाहीत.

"उलटे पाढे," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "हे म्हणायचे, माझी गाडी उलटे पाढे म्हणते."

"काय म्हणालीस?"

"अगं, तो दांडा केला ना ह्यांनी लेथवर, तेव्हा मापं घेतली ती उलट्या बाजूने. सगळं घासून झाल्यावर लक्षात आलं. जेवायलाही येईनात. मग एक दिवस हसत हसत स्वयंपाकघरात आले. म्हणाले, तसाच बसवला, वायरी फिरवल्या, झकास चालतेय. वर मला शपथ घातली. वस्ताद चुकला म्हणून कोणाला सांगायचं नाही. लेकीला तर मुळीच नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"शपथ होती. आणि मला काय ठाऊक त्याचा या बोटांशी संबंध आहे ते? मी आपली एवढंच म्हणत होते की ह्यांना विचार."

फाटकाशी कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दातांचे डॉक्टर डोक्यावर टोपी घालून वेळेच्या आधीच हजर झाले होते, आणि इंजिनाच्या आवाजाने त्यांचा चेहरा उजळला होता. ते बॉनेटमध्ये वाकले, शिट्टी वाजवली, वायरींवरून नजर फिरवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, या दोन वायरी उलट्या लागल्यात का?"

"बरोबर लागल्यात."

"कमाल आहे! परवा फोनवर तर म्हणत होतात, काही केल्या सापडत नाही. कोणी शोधलं मग?"

"वस्तादांनी."

डॉक्टरांनी खुर्चीकडे पाहिलं, मग आईकडे, मग आवाज खाली आणला.

"काका बोलायला लागले?"

"बोलतच होते," धाकटी म्हणाली.

 डॉक्टरांनी टोपी काढून हातात घेतली. "मग, गाडी घेऊन जाऊ ना मी?"

"मला काय विचारता? मालक तिथे बसलेत."

 हात पँटला पुसून ती खुर्चीपुढे जाऊन जमिनीवरच बसली. वस्तादांच्या मांडीवरचा चेंडू तिने उचलून बाजूला ठेवला. त्यांच्या डाव्या हाताखाली आपला तळहात उघडा धरला. त्यांच्या बोटांची टोकं खरखरीत होती. सोललेल्या जागी नवं कातडं येत होतं.

"बाबा," ती म्हणाली.  "उद्या त्या केंद्राची गाडी येणार आहे. मी बोलावलीय. तुम्हाला जायचंय का? हो असेल तर एकदा वाजवा. नाही तर दोनदा."

तर्जनी तिच्या तळहातावर पडली.  तर्जनी उचलली गेली आणि पुन्हा पडली, पहिल्याहून जोरात.

"बरं," ती म्हणाली. "नाही तर नाही. मी कळवते त्यांना."

ती उठणार, एवढ्यात हात पुन्हा हलला. तर्जनी पडली. आता मधलं पडेल म्हणून ती बघत राहिली, पण मधलं हललं नाही. अनामिका पडली. मग करंगळी. मग मधलं. हळूहळू, एकेक ठोका वेगळा, लहान मुलाला शिकवताना वाजवावा तसा. पुन्हा तर्जनी, अनामिका, करंगळी, मधलं. हा गाडीचा क्रम नव्हता. पुस्तकातला होता, टेबलावरचा, शाळेच्या दारातला, फाटकाशी निरोप घेतानाचा.

इंजिन एकसारखं चालू होतं. आई मागून वाकून बघत होती, पण तिला चष्म्यातून नीट दिसत नव्हतं.

"काय गं? काय म्हणाले?"

धाकटीने तळहात तसाच उघडा ठेवला.

"थांब," ती म्हणाली, "अजून बोलतायत."